सोनईजवळच्या दवाखान्यात एक गोष्ट खटकली, आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला पोहोचल्या

बाळाला लस दिली का, हे दारात येऊन विचारणारी आशाताई आज आपल्या सवयीची आहे. पण ५०-५५ वर्षांपूर्वी न शिकलेल्या बाईच्या हाती गावाचं आरोग्य सोपवायचं म्हटलं असतं, तर लोक हसले असते. नगर जिल्ह्यात हे करून दाखवणाऱ्या जोडप्यातल्या एक म्हणजे डॉ. मेबल आरोळे.

जन्म १९३५ चा, जबलपूरचा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकताना राहुरीकडचे रजनीकांत आरोळे भेटले. १९६० मध्ये लग्न झालं आणि पुढे दोघं नेवासा तालुक्यात, सोनईपासून जवळच्या वडाळा मिशन हॉस्पिटलात रुजू झाले. तिथे पेशंटची कमी नव्हती. पण बरं करून घरी पाठवलेलं पोर तेच जुलाब घेऊन परत यायचं. घरचं पाणी तेच, ताटातलं अन्नही तेवढंच. मग औषध किती दिवस पुरणार?

दोघं अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि १९७० मध्ये दुष्काळी जामखेडला गेले. काम सुरू झालं ते जनावरांच्या जुन्या दवाखान्यात.

आधी त्यांनी गावोगावी नर्स पाठवल्या. जमलं नाही. परक्या तरुण मुलीला खेड्यात एकटं राहणं अवघड, आणि गावच्या बायका तिच्याशी मोकळं बोलेनात. मग गावातलीच बाई निवडायचं ठरलं. बऱ्याच जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित. जामखेडला येऊन शिकायचं, सगळ्या जातींच्या बायांनी एकत्र राहायचं, जेवायचं आणि गावी जाऊन इतरांना सांगायचं. प्रशिक्षण एकदाच उरकलं नाही, त्या पुन्हा पुन्हा येत राहिल्या. बाळंतपण, जुलाब वगैरे शिकवण्याइतकंच त्यांची भीती घालवणंही मोठं काम होतं. जिला घरातच कुणी विचारत नाही, तिचं गाव कसं ऐकणार?

दुष्काळात हातपंप बसवतानाही असंच डोकं लावलं. पंप दलित वस्तीत घेतले. पाणी हवं तर हंडा घेऊन तिकडेच जायचं. लोक गेले.

१९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबल १९९९ मध्ये गेल्या. २००५ मध्ये आशा योजना आली, तेव्हा गावातलीच बाई निवडायची कल्पना सरकारने उचलली. पण सतत भेटून शिकवत राहणं तितकंसं उचललं नाही, आणि आशाताईंना मानधनासाठी आजही मोर्चे काढावे लागतात.