पीचवर रोलर फिरवणारा बाळू

'लगान'मधला कचरा आठवतो? गावाच्या टीममध्ये ज्याला घ्यायला सगळ्यांचा विरोध असतो आणि मग ज्याच्या फिरकीवर इंग्रज अडकतात, तो. सिनेमा पाहताना आपल्याला वाटतं, छान रचलंय. पण कचरा पडद्यावर येण्याच्या शंभर वर्षं आधी पुण्यात खरोखरच एक डावखुरा फिरकी बोलर होता. त्याची गोष्ट सिनेमापेक्षा लांबलचक आहे, आणि शेवटाला तितकी गोडही नाही. त्याचं नाव बाळू पालवणकर. जुन्या स्कोअरबुकात पी. बाळू.

आज सागर पार्कवर किंवा धुळ्याच्या गरुड मैदानावर टेनिस बॉलची मॅच लावताना टीममध्ये कोण हा प्रश्न फक्त खेळावरून सुटतो (फार तर बॅट कुणाची आहे यावरून!). बाळूंच्या काळात तो जातीवरून सुटायचा.

पालवणकर हे कोकणातल्या पालवण गावचं घराणं, समाज चर्मकार. बाळूंचा जन्म 1875-76 च्या सुमारास धारवाडचा. वडील लष्करात नोकरीला होते आणि पुण्यात राहत. छावणीत इंग्रज अधिकारी क्रिकेट खेळत आणि त्यांनी टाकून दिलेल्या जुन्या बॅट-बॉलवर बाळू आणि धाकटा शिवराम शिकले. कोच नाही, अकादमी नाही. पुढे गणपत आणि विठ्ठल हे आणखी दोन भाऊही याच खेळात आले. एका घरातले चार भाऊ आणि चौघेही वरच्या दर्जाचे क्रिकेटपटू, असं उदाहरण आपल्याकडे आजही शोधावं लागेल.

शिक्षण थोडकंच झालं. घराला पैशांची गरज होती. बाळूंनी पुण्यातल्या पारशांच्या क्रिकेट क्लबात नोकरी धरली. काम काय, तर पीच झाडायचं आणि त्यावर रोलर फिरवायचा. पगार महिना 3 रुपये. 1892 मध्ये ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात गेले, पगार झाला 4 रुपये. इथे काम वाढलं. पीच आखायचं, सरावाच्या जाळ्या उभ्या करायच्या, गरज पडली तर टेनिस कोर्टाच्या पांढऱ्या रेघाही मारायच्या.

त्या क्लबातल्या एका साहेबाने एकदा सहज या पोराच्या हातात बॉल दिला आणि नेटमध्ये टाकायला सांगितलं. तिथून खरी सुरुवात झाली. मग आला कॅप्टन ग्रेग. जे. जी. ग्रेग हा त्या काळातला हिंदुस्थानातला अव्वल गोरा बॅट्समन. बाकीचे मेंबर यायच्या तासभर आधी तो मैदानावर हजर व्हायचा आणि बाळूंना बोलिंग टाकायला लावायचा. आऊट केलंस तर प्रत्येक वेळी आठ आणे, अशी त्याची बोली होती म्हणतात. हिशेब करून बघा. आठ वेळा ग्रेगची दांडी उडवली की एका महिन्याचा पगार सुटला! या लालसेने म्हणा किंवा खेळाच्या वेडाने म्हणा, बाळूंनी शेकडो तास बोलिंग टाकली. लेंग्थ, उंची, वळण, वेगातला छुपा फरक हे सगळं तिथे घटवलं गेलं. रोज सकाळी देशातल्या सर्वोत्तम बॅट्समनविरुद्ध सराव, तोही पगारी. यापेक्षा चांगली अकादमी कुठली असणार?

पण एक गोष्ट लक्षात घ्या. इतक्या वर्षांत त्या नेटमध्ये त्यांना बॅटिंग मात्र कुणी दिली नाही. बॅटिंग साहेबांनी करायची, घाम गाळून बॉल टाकायचा नोकरांनी. जातीची उतरंड आपली होती, पण साहेबाकडेही त्याची स्वतःची एक होतीच.

पुण्यातल्या हिंदूंचाही एक क्लब होता आणि त्याला गोऱ्यांना हरवायची फार हौस होती. बाळूंबद्दल ऐकलं तेव्हा क्लबात फूट पडली. काही तेलुगू मेंबर म्हणत होते त्याला घ्या, काही ब्राह्मण मेंबर अडून बसले. तिकडे ग्रेगने जाहीरपणे बोलून टाकलं की या बोलरला बाहेर ठेवणं हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल. शेवटी जिंकायची हौस विटाळाच्या भीतीपेक्षा मोठी ठरली. बाळू टीममध्ये आले.

आले म्हणजे अर्धेच आले. मैदानात सगळे एकच बॉल हाताळत होते. बाळूंच्या हातून सुटलेला बॉल ब्राह्मण कीपर झेलायचा, तो पुन्हा फेकायचा, तेव्हा कुणाला काही बाधत नव्हतं. मात्र टी-टाइम झाला की इतर खेळाडू पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपात चहा घेत आणि बाळूंना बाहेर, साध्या मातीच्या भांड्यात दिला जाई. जेवणाचं ताट वेगळं, जागाही वेगळी. हात-तोंड धुवायला पाणी हवं तर ते दलित नोकराने एका कोपऱ्यात आणून द्यायचं. ज्याच्या जोरावर मॅच जिंकायची त्यालाच उन्हात उभं करून चहा पाजायचा. यात काही विसंगती आहे असं त्या पॅव्हेलियनमध्ये बसलेल्या शिकलेल्या मंडळींना वाटत नव्हतं, हे मला त्या भांड्यापेक्षा जास्त टोचतं.

साताऱ्याची मॅच तर गाजलीच. तिथल्या गोऱ्यांच्या जिमखान्याने बाळूंची धास्ती घेऊन आठवडाभर पीचवर रोलर फिरवून घेतला. उद्देश हा की बॉल वळूच नये. ज्याचं अख्खं तारुण्य रोलर ओढण्यात गेलं त्याला रोलरने अडवायला निघाले! बाळूंनी 7 विकेट काढल्या. पुण्यात परतल्यावर टीमची मिरवणूक निघाली. न्यायमूर्ती रानड्यांनी बाळूंचा सत्कार केला आणि ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाण्यापिण्यात कसला कमीपणा, असा मुद्दा मांडला.

1896 च्या सुमारास प्लेग आला आणि पालवणकर मुंबईला गेले. तिथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात पुन्हा तोच वाद झाला, घ्यायचं की नाही घ्यायचं. कॅप्टन कीर्तिकरांनी आग्रह धरला आणि वाद मिटला. पोटापाण्यासाठी बाळूंनी आधी लष्करात आणि मग बॉम्बे बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरी केली. आपल्या जळगाव, अमळनेर, नंदुरबारहून सुरतेला जाणारी ताप्ती व्हॅली लाइन हीच कंपनी चालवत होती.

मग आला फेब्रुवारी 1906. मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन. हे नुसतं क्रिकेट नव्हतं. काही महिन्यांपूर्वीच बंगालची फाळणी झाली होती, स्वदेशीचं वारं होतं आणि तंबूत बसून बघणाऱ्या हजारो माणसांना ही मॅच कशासाठी आहे ते बरोबर कळत होतं. हिंदूंनी 242 केल्या, युरोपियन 191 वर आटोपले. दुसऱ्या डावात हिंदूंच्या 160 झाल्या आणि युरोपियनांचा डाव 102 वर गडगडला. 109 रननी विजय, बाळूंच्या 8 विकेट. शिवरामही याच टीममध्ये होता. आणखी एक गोष्ट घडली. पुण्यात बाहेर चहा पिणारे बाळू मुंबईत आता सगळ्यांच्या पंगतीत जेवत होते. सुधारकांच्या पत्रांनी त्या विजयापेक्षा या पंगतीचं जास्त कौतुक केलं आणि माझ्या मते बरोबर केलं.

1911 मध्ये पहिल्यांदाच सर्व धर्मांच्या खेळाडूंची अखिल भारतीय टीम इंग्लंडला गेली. कॅप्टन होते पतियाळाचे तरुण महाराजा भूपिंदर सिंग. ते मैदानापेक्षा मेजवान्यांत जास्त दिसले. टीम एकामागून एक मॅच हरत राहिली. त्या पडझडीत एक माणूस उभा होता. वय पस्तिशीचं, खांदा दुखावलेला, तरी बाळू टाकत राहिले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात 8 विकेट. लेस्टरशायरला हरवून टीमने अखेर खातं उघडलं, त्यात दोन्ही डावांत बाळूंनी धुमाकूळ घातला. सॉमरसेटविरुद्ध शिवरामने नाबाद शतक ठोकून एका विकेटने मॅच काढून दिली. म्हणजे काऊंटींवरच्या दोन्ही विजयांत पालवणकर होतेच. दौरा संपला तेव्हा बाळूंच्या नावावर सगळ्या मॅच धरून 114 विकेट होत्या, त्यातल्या 75 प्रथम श्रेणीच्या.

मुंबईत परतल्यावर दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. मानपत्र तयार करणारा तरुण तेव्हा एल्फिन्स्टन कॉलेजात बीएच्या वर्गात होता. म्हणजे तुमच्याच वयाचा. त्याचं नाव भीमराव आंबेडकर. त्याच्यासाठी बाळू हा हिरो होता.

आता इतकं सगळं झाल्यावर या माणसाला हिंदूंच्या टीमचा कॅप्टन करायला काय हरकत होती? पण नाही केलं. बोलिंग टाक, विकेट काढ, मॅच जिंकून दे, मात्र फील्ड लावायचा हुकूम तू द्यायचा नाहीस. 1913 मध्ये चारही भाऊ एकाच वेळी टीममध्ये होते आणि कॅप्टन झाले एम. डी. पै. पै माणूस सरळ होता. त्यांच्या गौड सारस्वत समाजाने सत्कार केला तेव्हा त्याच सभेत त्यांनी सांगून टाकलं की हा मान ज्येष्ठतेने बाळूंचा होता.

बाळूंचं वय होत गेलं. गणपत 1920 मध्ये गेला. त्याच वर्षी प्रकरण पेटलं. बाळूंना वगळण्यात आलं, पै आजारी पडले, तेव्हा सगळ्यांच्या मते पाळी विठ्ठलची होती. निवड समितीने पुण्याच्या दि. ब. देवधरांना नेमलं. देवधर पदवीधर, ब्राह्मण आणि चांगले बॅट्समन, त्यांच्या खेळाबद्दल वादच नाही. पण विठ्ठल त्यांच्याहून सीनियर होता. या वेळी पालवणकर गप्प बसले नाहीत. विठ्ठल आणि शिवराम टीममधून बाहेर पडले आणि का पडलो ते त्यांनी वर्तमानपत्रात निवेदन देऊन जाहीर सांगितलं. मुंबईत गदारोळ झाला. वीस वर्षं ज्या गोष्टी पॅव्हेलियनच्या कोपऱ्यात दबल्या होत्या त्या चव्हाट्यावर आल्या. फायनलपर्यंत तडजोड होऊन भाऊ परतले.

1923 मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदूंचा कॅप्टन झाला. त्या वर्षी चौरंगी स्पर्धेच्या फायनलमध्ये हिंदूंनी युरोपियनांना हरवलं आणि प्रेक्षकांनी विठ्ठलला खांद्यावर उचलून घेतलं. त्या खांद्यांमध्ये कुणाची जात काय होती हे कुणी विचारलं नाही म्हणतात. थोरल्या भावाने 3 रुपये पगारावर जो रोलर ओढायला सुरुवात केली होती, तो इथपर्यंत येऊन पोचला. तीस वर्षं लागली.

इथेच थांबलं तर गोष्ट सोपी राहते. पण बाळू पुढे राजकारणात गेले आणि तिथे ज्या तरुणाने त्यांचं मानपत्र तयार केलं होतं त्याच्याच समोर ते उभे राहिले. आंबेडकर दलितांसाठी स्वतंत्र मतदारसंघ मागत होते. बाळूंना ते पटत नव्हतं. हिंदू समाजाच्या आत राहूनच हक्क मिळतील, त्यांना स्वतःला मैदानावर मिळाले तसे, असं त्यांना वाटत असावं. सप्टेंबर 1932 मध्ये गांधीजींनी येरवड्यात उपोषण सुरू केलं तेव्हा आंबेडकरांचं मन वळवणाऱ्यांत मद्रासचे एम. सी. राजा आणि बाळू होते. पुणे करारावर बाळूंची सही आहे. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर आंबेडकरांचा प्रश्नही रास्त होता. चेंडू वळवता येणाऱ्या एकाला पंगतीत जागा मिळाली, पण ज्याला चेंडू वळवता येत नाही त्याचं काय? या दोघांत कोण बरोबर यावर तुमच्या होस्टेलच्या खोलीत आजही रात्रभर भांडण होऊ शकतं.

1933 मध्ये बाळू मुंबई महापालिकेच्या निवडणुकीत हिंदू महासभेतर्फे उभे राहिले आणि हरले. 1937 मध्ये प्रांतिक विधानसभेसाठी काँग्रेसने त्यांना थेट आंबेडकरांविरुद्ध तिकीट दिलं. आंबेडकरांना 13,245 मतं पडली, बाळूंना 11,225. हरले, पण तेही तेव्हाच्या दलितांच्या सर्वांत मोठ्या नेत्यासमोर आणि फक्त दोन हजारांनी.

भारताने पहिली कसोटी 1932 मध्ये खेळली, तोवर बाळू साठीकडे झुकले होते. म्हणून कसोटीच्या यादीत त्यांचं नाव सापडत नाही. विठ्ठलने 1948 मध्ये 'माझे क्रीडा-जीवन' नावाचं मराठी आत्मचरित्र छापलं. कुठल्या जुन्या लायब्ररीत मिळालं तर सोडू नका. बाळू 4 जुलै 1955 रोजी मुंबईत वारले, सांताक्रूझला अंत्यसंस्कार झाले. प्रथम श्रेणीचे 33 सामने, 179 विकेट, सरासरी 15.21. कॅप्टन म्हणून नेमणूक एकदाही नाही.