हातांची भाषा शिकवणारे लॉराँ क्लेर

मुंबईत १८८५ साली कर्णबधिर मुलांसाठी शाळा निघाली. भारतातील अशा आरंभीच्या शाळांपैकी ती एक होय. त्यापूर्वी सुमारे सत्तर वर्षे, एका बहिऱ्या शिक्षकाने समुद्र ओलांडून अमेरिकेत हे कार्य उभे केले होते. त्यांचे नाव लॉराँ क्लेर.

क्लेर यांचा जन्म २६ डिसेंबर १७८५ रोजी फ्रान्समधील एका खेड्यात झाला. वर्षाचे असताना ते विस्तवात पडले व त्यांचा गाल भाजला. बहिरेपण त्या अपघातामुळे आले, असे घरच्यांना वाटे. कदाचित ते जन्मापासूनही असेल. बाराव्या वर्षापर्यंत त्यांनी शाळा पाहिली नाही. ते गुरे चारावयास नेत.

१७९७ मध्ये ते पॅरिसच्या मूकबधिर विद्यालयात दाखल झाले. तेथे मासिय हे स्वतः बहिरे असलेले गुरू त्यांना लाभले. खुणांच्या भाषेतून ज्ञानाची दारे उघडली. दुसऱ्या एका शिक्षकाने मात्र त्यांना बोलावयास शिकवण्याचा हट्ट धरला. ‘द’ आणि ‘त’ यांतील भेद उच्चारता येईना, तेव्हा संतापून त्याने हनुवटीखाली प्रहार केला. क्लेर यांची जीभ दातांखाली चावली गेली. पुन्हा बोलण्याचा प्रयत्न करावयाचा नाही, असा निश्चय त्यांनी केला. पुढे ते त्याच विद्यालयात शिक्षक झाले.

अमेरिकेचे थॉमस गॅलॉडेट हे बहिऱ्यांच्या शिक्षणाची पद्धत शोधत युरोपात आले होते. त्यांच्या विनंतीवरून क्लेर यांनी १८१६ मध्ये आई व मायदेश यांचा निरोप घेतला. जहाजाचा प्रवास बावन्न दिवसांचा होता. त्या काळात क्लेर यांनी गॅलॉडेट यांना खुणांची भाषा शिकवली आणि स्वतः इंग्रजी शिकून घेतली. कोण कोणाचा गुरू, हे सांगणे कठीणच!

१५ एप्रिल १८१७ रोजी हार्टफर्ड येथे शाळा सुरू झाली. करार केवळ तीन वर्षांचा होता. क्लेर १८५८ पर्यंत शिकवत राहिले. त्यांचे अनेक विद्यार्थी इतरत्र शिक्षक झाले. १८ जुलै १८६९ रोजी त्यांचे निधन झाले.

पुढे १८८० मध्ये इटलीतील मिलान येथे शिक्षकांची परिषद भरली. तिने खुणा वर्ज्य करून केवळ वाचेने शिकवावे, असे ठरवले. बहिऱ्या शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. वर्गात हात हलवणे हा अपराध ठरला. तरीही मुले वसतिगृहांत, शिक्षकांच्या नजरेआड, खुणांनीच बोलत राहिली. क्लेर यांचे नाव सांगताना दोन बोटे गालावरून, जेथे भाजल्याचा व्रण होता तेथून, फिरवली जातात.