तुकोजीराव होळकर (तिसरे)

तुकोजीराव होळकर (तिसरे) (२६ नोव्हेंबर, इ.स. १८९० - २१ मे, इ.स. १९७८) हे इंदूर संस्थानाचे इ.स. १९०३ ते इ.स. १९२६ या काळातील महाराज होते. इ.स. १९२५ मध्ये मुंबईत झालेल्या अब्दुल कादर बावला यांच्या खुनाच्या प्रकरणात इंदूर दरबाराचे नाव पुढे आले. त्यानंतर चौकशी आयोगाला सामोरे जाण्याऐवजी त्यांनी राजत्याग केला. हे प्रकरण मुंबईच्या गुन्हेगारी इतिहासात 'बावला खून खटला' किंवा 'मलबार हिल खून खटला' या नावांनी ओळखले जाते.

घराणे व बालपण

मल्हारराव होळकर यांनी स्थापन केलेल्या होळकर घराण्यात तुकोजीरावांचा जन्म इंदूर येथे झाला. अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी येथे जन्मलेल्या अहिल्याबाई होळकर याच घराण्याच्या. तुकोजीरावांचे वडील शिवाजीराव होळकर यांचे इंग्रज सरकारशी सतत खटके उडत. इ.स. १९०३ मध्ये शिवाजीरावांनी राजत्याग केला आणि बारा वर्षांचे तुकोजीराव गादीवर आले. त्यांच्या अल्पवयात कारभार मंडळामार्फत चालला. इंदूरच्या डेली कॉलेजात व अजमेरच्या मेयो कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. इ.स. १९११ मध्ये त्यांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले.

चंद्रावतीबाई व इंदिराबाई या त्यांच्या पहिल्या दोन राण्या होत. चंद्रावतीबाईंपासून इ.स. १९०८ मध्ये पुत्र यशवंतराव यांचा जन्म झाला.

कारभार

तुकोजीरावांच्या काळात इंदूर हे कापड गिरण्यांचे व व्यापाराचे शहर म्हणून झपाट्याने वाढले. शहराच्या वाढीचा आराखडा करण्यासाठी स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना पाचारण करण्यात आले. त्यांचा अहवाल इ.स. १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्लेगच्या भीतीने ग्रासलेल्या लोकांना घरे व गल्ल्या स्वच्छ करण्यास प्रवृत्त करण्यासाठी गेडिस यांनी दिवाळीत मोठी मिरवणूक काढली. तिच्यात राक्षसांबरोबर उंदीर व डास यांच्याही प्रतिमा होत्या.

इ.स. १९१७ चे मराठी साहित्य संमेलन गणेश जनार्दन आगाशे यांच्या अध्यक्षतेखाली इंदुरात भरले. पुढच्याच वर्षी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलनही तेथे झाले. आजोबा तुकोजीराव (दुसरे) यांच्या काळात सुरू झालेले लालबाग राजवाड्याचे बांधकाम याच कारकिर्दीत, इ.स. १९२१ मध्ये पूर्ण झाले. महाराजांना रत्नांचा शौक होता. पॅरिसच्या शोमे या जवाहिऱ्याकडून त्यांनी इ.स. १९१३ मध्ये घेतलेले नासपतीच्या आकाराचे दोन हिरे पुढे जगप्रसिद्ध झाले.

मुमताज बेगम

मुमताज बेगम ही गायिका व नर्तकी लहान वयातच इंदूर दरबारात आली आणि सुमारे दहा वर्षे महाराजांच्या आश्रयाला होती. महाराजांच्या इंग्लंड प्रवासातही ती त्यांच्यासोबत होती. तिच्यावर सतत पहारा असे. आपल्याला झालेली मुलगी जन्मानंतर मारण्यात आली, असा आरोप तिने पुढे केला. इ.स. १९२४ मध्ये तिला मसुरीला नेले जात असताना ती दिल्लीला गाडीतून उतरली व तिने परत जाण्यास नकार दिला. काही काळ अमृतसरला राहून ती मुंबईत आली आणि श्रीमंत तरुण व्यापारी अब्दुल कादर बावला यांच्याकडे राहू लागली. तिला इंदूरला परत नेण्याचे प्रयत्न मात्र थांबले नाहीत.

मलबार हिलवरील खून

१२ जानेवारी, इ.स. १९२५ रोजी सायंकाळी बावला आणि मुमताज मोटारीतून मलबार हिलवर फिरायला गेले होते. त्यांच्यासोबत बावला यांचे व्यवस्थापक मॅथ्यू होते. हँगिंग गार्डनजवळच्या रस्त्यावर मागून आलेल्या लाल रंगाच्या मॅक्सवेल मोटारीने त्यांची वाट अडवली. तिच्यातून उतरलेल्या माणसांनी मुमताजला बाहेर ओढण्याचा प्रयत्न केला. बावला यांनी विरोध करताच त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. मुमताजच्या चेहऱ्यावर चाकूचे वार झाले, तर मॅथ्यू जखमी झाले.

याच वेळी गोल्फ खेळून परतणारे काही इंग्रज लष्करी अधिकारी तेथे पोहोचले. लेफ्टनंट सेगर्ट यांनी हातातल्या गोल्फच्या काठीने हल्लेखोरांना तोंड दिले. त्यांना स्वतःला गोळ्या लागल्या, तरी मुमताजला पळवून नेण्याचा बेत फसला आणि एक हल्लेखोर जागीच पकडला गेला. बावला यांचा काही तासांतच रुग्णालयात मृत्यू झाला.

तपास व खटला

मुंबईचे पोलीस आयुक्त पॅट्रिक केली यांच्या देखरेखीखाली तपास झाला. पकडलेल्या माणसांचे धागे लवकरच इंदूरपर्यंत पोहोचले, कारण आरोपींपैकी बहुतेक जण इंदूर संस्थानाच्या नोकरीत किंवा दरबाराशी संबंधित होते. त्यांत इंदूरच्या फौजेतील वरिष्ठ अधिकारी आनंदराव फणसे यांचाही समावेश होता.

मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती क्रंप व ज्युरी यांच्यापुढे नऊ आरोपींवर खटला चालला. सरकारतर्फे ॲडव्होकेट जनरल जमशेदजी कांगा, तर फणसे यांच्या बचावासाठी बॅरिस्टर महंमद अली जीना उभे राहिले. मुमताजने भर न्यायालयात साक्ष देऊन दरबारातील आपल्या आयुष्याची हकिगत सांगितली. न्यायालयाबाहेर गर्दी लोटत असे आणि वृत्तपत्रे कामकाजाचे सविस्तर वृत्तांत छापत.

मे, इ.स. १९२५ मध्ये निकाल लागला. तिघांना फाशीची आणि फणसे यांच्यासह इतर काही जणांना जन्मठेपेची शिक्षा झाली. हल्ल्यात सापडलेल्या माणसांच्या मागे इंदूरमधील कोणीतरी असले पाहिजे, असे मत न्यायाधीशांनी नोंदवले. मात्र ते कोण हे समोर आलेल्या पुराव्यांवरून ठरवता आले नाही. प्रिव्ही कौन्सिलकडे केलेले अपीलही फेटाळले गेले.

गुन्हा कोठे घडला, ही बाब या प्रकरणात निर्णायक ठरली. संस्थानाच्या हद्दीत महाराजांची सत्ताच सर्वोच्च होती. मुंबईत मात्र ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा लागू होता. त्यामुळे दरबारी सेवकांना सामान्य आरोपींप्रमाणे पिंजऱ्यात उभे राहावे लागले. खुद्द महाराजांवर खटला भरला गेला नाही.

राजत्याग

इ.स. १९२० च्या ठरावानुसार गंभीर आरोप असलेल्या संस्थानिकाच्या चौकशीसाठी आयोग नेमण्याची तरतूद होती. व्हाइसरॉय लॉर्ड रेडिंग यांच्या सरकारने तुकोजीरावांपुढे अशा आयोगाचा किंवा राजत्यागाचा पर्याय ठेवला. २६ फेब्रुवारी, इ.स. १९२६ रोजी त्यांनी यशवंतरावांच्या नावे राजत्याग केला. त्यामुळे आयोग नेमला गेला नाही आणि कटाचा मूळ आदेश कोणाचा होता, याची न्यायालयीन वा सरकारी शहानिशा कधीच झाली नाही. महाराजांवरील संशय सिद्धही झाला नाही आणि दूरही झाला नाही. वडिलांपाठोपाठ मुलालाही गादी सोडावी लागण्याची ही इंदूरच्या इतिहासातील लागोपाठ दुसरी वेळ होती. यशवंतरावांना इ.स. १९३० मध्ये पूर्ण अधिकार मिळाले.

शर्मिष्ठादेवींशी विवाह व उत्तरायुष्य

राजत्यागानंतर तुकोजीरावांचा परिचय अमेरिकेतील सिएटल येथील नॅन्सी ॲन मिलर यांच्याशी झाला. मार्च, इ.स. १९२८ मध्ये नाशिक येथे शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या पुढाकाराने त्यांना हिंदू धर्माची दीक्षा देण्यात आली व त्यांचे नाव शर्मिष्ठादेवी ठेवण्यात आले. धनगर समाजातील एका कुटुंबाने त्यांना दत्तक घेतले. त्यानंतर नर्मदेकाठच्या बडवाह येथे विवाह झाला. परधर्मीय स्त्रीच्या शुद्धीचा हा प्रसंग देशात व परदेशात गाजला. या दांपत्याला चार मुली झाल्या.

तुकोजीरावांना दीर्घायुष्य लाभले. इ.स. १९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्य भारत संघात विलीन झाले. इ.स. १९६१ मध्ये पुत्र यशवंतरावांचे निधन झाले, तर इ.स. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे रद्द झाले. हे सर्व त्यांनी पाहिले. पॅरिस येथे वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. शर्मिष्ठादेवींचे निधन इ.स. १९९५ मध्ये झाले.

चित्रपट व लोकस्मृती

खुनाच्याच वर्षी, इ.स. १९२५ मध्ये, कोहिनूर फिल्म कंपनीने होमी मास्टर दिग्दर्शित 'कुलीन कांता' हा मूकपट प्रदर्शित केला. तो या प्रकरणावर बेतलेला होता. चालू घडामोडीवर आधारलेल्या सुरुवातीच्या भारतीय चित्रपटांत त्याची गणना होते. रात्रीचे महानगर, पाठलाग करणारी मोटार, दरबारातून निसटलेली स्त्री आणि पडद्यामागे राहिलेला सूत्रधार हे पुढे हिंदी रहस्यपटांत रूढ झालेले घटक या खटल्यात प्रत्यक्ष घडले होते. चित्रपटात शेवटी सूत्रधाराचा चेहरा दिसतो. बावला प्रकरणात मात्र शिक्षा हल्लेखोरांना व कटातील साथीदारांना झाली आणि आदेश कोणाचा हा प्रश्न राजत्यागाच्या दस्तऐवजाबरोबरच मिटवला गेला.