पंडिता रमाबाईंचे उघडे दार

आमच्या खेडोपाडीच्या मंडळ्यांत पंडिता रमाबाई हे नाव ज्यास ठाऊक नाही असे घर क्वचितच सापडेल. केडगावचे मुक्ति मिशन म्हटले की त्यांची आठवण होतेच. परंतु केडगावच्या आधी पुणे शहरात त्यांजवर जो प्रसंग गुदरला, तो थोड्यांसच माहीत आहे. ज्या बंधुभगिनींस विश्वासापायी आप्तांचे बोल सोसावे लागतात, व जे उपदेशक गावोगाव वचन पेरीत फिरतात, त्यांस तो उपयोगी पडेल असे वाटून येथे सांगतो.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीस संस्कृत शिकविले. तीच विद्या पुढे मुलीस मिळाली. हे कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरत असे. 1874 साली अन्नान्न दशेत आईबाप निवर्तले. पुढे भाऊ श्रीनिवास याजबरोबर पायी हिंडत रमाबाई 1878 साली कलकत्त्यास पोहोचल्या, व तेथील विद्वानांनी त्यांचा पंडिता व सरस्वती या पदव्यांनी गौरव केला. परंतु 1880 साली भाऊ वारला आणि 1882 साली पती बिपिनबिहारी मेधावी हेही गेले. लहानग्या मनोरमेस घेऊन त्या पुण्यास आल्या, व तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. 1883 साली त्या इंग्लंडास गेल्या, आणि 29 सप्टेंबर रोजी वाँटेज गावी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

पुढे अमेरिकेतील मित्रांच्या साहाय्याने त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले. ते 11 मार्च 1889 रोजी मुंबईस उघडले व 1890 साली पुण्यास आले. तेथे कोणासही ख्रिस्ती धर्म शिकवावयाचा नाही, ज्या त्या मुलीने आपले आचार पाळावे, असा करार होता. रानडे व भांडारकर यांसारखे थोर गृहस्थ सल्लागार झाले, ते याच भरवशावर.

बाईंनी तो करार मोडला नाही. मात्र रोज सकाळी आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करताना त्या दार लावीत नसत. हळूहळू काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. ही वार्ता शहरात पसरताच केसरीसारख्या पत्रांतून टीकेचा भडिमार झाला. आईबापांची भीती आम्ही खोटी म्हणणार नाही. मुलगी ख्रिस्ती झाली तर ती आपणांस कायमची अंतरेल, हे दुःख त्यांस दिसत होते. 1893 साली सल्लागारांनी राजीनामे दिले व वीस-पंचवीस मुली घरी नेण्यात आल्या.

दार लावून घेतले असते तर कदाचित हे वादळ शमले असते. पण आपल्या प्रभूस लपविणे बाईंस मान्य नव्हते, आणि कोणास ओढून आत आणणेही मान्य नव्हते. याची साक्ष गोदूबाई देतात. सदनाची ही पहिली विधवा विद्यार्थिनी हिंदूच राहिली, आणि त्याच 1893 साली तिचा पुनर्विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला.

असो. सदन रिकामे पडेल असे पुष्कळांस वाटले, परंतु देवाचा संकल्प निराळा होता. सदनास उत्पन्न व्हावे म्हणून बाईंनी केडगावी जमीन घेतली होती. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या व सुमारे 300 निराधार मुली व स्त्रिया घेऊन आल्या. उपासमार काय असते हे त्यांस कोणी सांगावयास नको होते. पुण्यात प्लेग असल्यामुळे या मुलींस शहरात ठेवता येईना. तेव्हा केडगावच्या माळावरच वसाहत उभी राहिली. त्याच दुष्काळात दूर अमेरिकेतील एल्कहार्ट गावच्या मेनोनाईट लोकांनी, म्हणजे शस्त्र न धरणाऱ्या शेतकरी ख्रिस्ती बंधूंनी, जॉर्ज लॅम्बर्ट यांस मदतीसह हिंदुस्थानात पाठविले. 1899 साली त्यांचे मिशन मध्यप्रांतातच धमतरी येथे सुरू झाले. भुकेल्यासाठी दार उघडणारे असे एकाहून अधिक होते.

1900 च्या गुजरातेतील दुष्काळानंतर केडगावची वस्ती सुमारे 2000 झाली. तेथे विहिरी खोदल्या, शेती केली, हातमाग व छापखाना चालविला. अंध स्त्रियांस मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकविली. अशिक्षित खेडवळ स्त्रीस समजेल असे बायबल मराठीत व्हावे म्हणून बाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून भाषांतर हाती घेतले. 1921 साली मनोरमाबाई वारल्या. त्या दुःखातही आईने काम सोडले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या प्रभूकडे गेल्या; त्यांचे बायबल 1924 साली छापून निघाले.

प्रिय वाचकहो, आमच्यापैकी कोणी शेजाऱ्यांच्या भयाने प्रार्थनेच्या वेळी दार लावून घेतो, तर कोणी अति उत्साहाने दुसऱ्याचे दार ढकलतो. रमाबाईंनी ही दोन्ही टाळली, व त्याची किंमत दिली. आपापल्या घरी आम्हांसही तसेच करण्याचे बळ प्रभू देवो.