सिग्मंड फ्रॉईड यांची तीसहून जास्त ऑपरेशन झाली, पण कॅन्सर परत येणार का हे कुणालाच आधी सांगता येत नव्हतं

माणसाच्या मनात खोलवर काय दडलंय, हे शोधण्यात सिग्मंड फ्रॉईड यांनी आयुष्य घालवलं. पण शेवटची 16 वर्षं त्यांना एकच प्रश्न छळत होता. तोंडातला कॅन्सर परत येणार का?

1856 साली जन्मलेले फ्रॉईड व्हिएन्नात डॉक्टर होते. दिवसाला वीसेक सिगार ओढायचे. 1923 च्या सुरुवातीला त्यांना तोंडात एक गाठ जाणवली. एप्रिलमध्ये छोटं ऑपरेशन झालं आणि इतका रक्तस्राव झाला की जीवावर बेतलं. खोलीतल्या दुसऱ्या रुग्णाने मदत बोलावली, म्हणून ते वाचले. गाठ कॅन्सरची होती, पण डॉक्टरांनी ही गोष्ट त्यांच्यापासूनच लपवली.

पुढे केस हान्स पिचलर या सर्जनकडे गेली. ऑक्टोबरमध्ये त्यांनी फ्रॉईड यांच्या वरच्या जबड्याचा आणि टाळूचा भाग काढला. नोव्हेंबरमध्ये जखमेजवळचा तुकडा मायक्रोस्कोपखाली तपासला, तर त्यात पुन्हा कॅन्सर! लगेच परत ऑपरेशन.

त्यानंतर तोंडात कृत्रिम टाळू आला. बोलणं अवघड झालं, उजव्या कानाने ऐकू येईना. तरी रुग्ण तपासणं आणि पुस्तकं लिहिणं चालूच राहिलं. सिगारही सुटली नाही.

पिचलर यांची पद्धत साधी होती. सतत तोंड तपासायचं, संशयास्पद चट्टा दिसला की काढायचा आणि तपासायला पाठवायचा. बरीच वर्षं हे चट्टे कॅन्सर होण्याआधीच्या अवस्थेतले निघाले. 1936 मध्ये मात्र कॅन्सर परतला.

आज हा अंदाज आधी बांधता येतो का? काही रुग्णांमध्ये, हो.

गाठीत किंवा रक्तात सापडणाऱ्या आणि आजाराचा अंदाज देणाऱ्या खुणांना बायोमार्कर म्हणतात. टॉन्सिल किंवा जिभेच्या मुळाशी होणाऱ्या घशाच्या कॅन्सरमध्ये पी16 हे प्रोटीन तपासतात. ते भरपूर असेल तर कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही विषाणूमुळे झालेला असतो आणि तो परत येण्याचा धोका तुलनेने कमी असतो. अशा रुग्णांच्या रक्तात ऑपरेशननंतर या विषाणूच्या डीएनएचे तुकडे पुन्हा दिसले, तर स्कॅनमध्ये गाठ दिसण्याआधीच डॉक्टर सावध होऊ शकतात.

पण फ्रॉईड यांना झाला तसा तोंडाचा कॅन्सर बहुतेकदा तंबाखूमुळे होतो. भारतात याच कॅन्सरचे रुग्ण जास्त आहेत आणि त्यासाठी इतका भरवशाचा बायोमार्कर अजून मिळालेला नाही. कापलेल्या भागाच्या कडा स्वच्छ आहेत का, मानेतल्या गाठींपर्यंत कॅन्सर पोहोचलाय का, रुग्णाने तंबाखू सोडली का, यावरच आजही मोठी भिस्त आहे. म्हणूनच ऑपरेशन झाल्यावर फॉलोअप चुकवायचा नसतो.

1938 मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया ताब्यात घेतल्यावर फ्रॉईड लंडनला गेले. सप्टेंबरमध्ये पिचलर यांनी तिथे येऊन पुन्हा ऑपरेशन केलं. पण 1939 च्या सुरुवातीला कॅन्सर अशा जागी परतला, जिथे ऑपरेशन शक्यच नव्हतं. 23 सप्टेंबर 1939 रोजी, वयाच्या 83 व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला.