काजी इब्न रुश्द आणि जिहादचा प्रश्न

जिहादच्या कायद्याचा अर्थ एकच असून तो सर्वकाळ निर्विवाद आहे, असें दोन प्रकारचे लोक सांगतात. एक इस्लामचे द्वेष्टे, व दुसरे त्याच्या नांवानें रक्तपात करणारे. जेथें असे दोन विरोधी पक्ष एकमत होतात, तेथें मूळ दप्तर उघडून पाहणें हा आमचा वकिली शिरस्ता आहे.

इब्न रुश्द यांचा जन्म स्पेनमधील कॉर्दोबा नगरींत इ. स. ११२६ त झाला. त्यांचे आजोबा तेथील मुख्य काजी होते. आंदालुसच्या मुसलमानांस हजयात्रेहून जिहाद श्रेयस्कर, असा फतवा त्या आजोबांनींच दिला होता. इब्न रुश्द हे ११६९ त सेव्हिल येथें व पुढें कॉर्दोबा येथें काजी झाले. अॅरिस्टॉटलवरील भाष्यांमुळें युरोप त्यांस अव्हेरोस या नांवानें ओळखतो; आम्हांस त्यांचा ‘बिदायत अल्-मुज्तहिद’ हा कायद्याचा ग्रंथही तितकाच मननीय वाटतो.

निर्णयसिंधु चाळणाऱ्या वाचकांस त्याची धाटणी परिचित वाटेल. प्रश्न मांडावयाचा, आचार्यांचीं मतें द्यावयाचीं, आणि मतभेदाचें मूळ शोधावयाचें. जिहादच्या प्रकरणांत ते युद्धाचाच विचार करितात. त्यास गोंडस रूप देत नाहींत. न लढणाऱ्या स्त्रिया व मुलें यांस मारूं नये, यावर आचार्यांचें एकमत आहे. पण मठांतील संन्यासी, आंधळे, म्हातारे, शेतकरी यांचें काय? मालिक पहिल्या तिघांस अभय देतात. अवजाई शेतकऱ्यास देतात. शाफई यांच्या प्रमुख मताप्रमाणें यांतील कोणासही सूट नाहीं. येथें इब्न रुश्द वर्मावर बोट ठेवितात. शत्रूस मारण्याचें कारण त्याचा अधर्म, कीं त्याची लढण्याची शक्ति? पहिलें मानल्यास कोणीच सुटत नाहीं. दुसरें मानल्यास नांगर धरणारा सुटतो. स्वतःचा निकाल ते लादीत नाहींत. प्रश्न मात्र विचारी मनुष्याच्या पदरीं टाकितात.

११९५ त, कास्तीलशीं युद्धाच्या धामधुमींत, खलीफा अल्-मन्सूर यांनीं त्यांस लुसेना येथें हद्दपार केलें व तत्त्वज्ञानाचे ग्रंथ जाळविले. कर्मठ शास्त्र्यांची मर्जी राखण्यासाठीं हा बळी दिला गेला, असें अनेक इतिहासकार मानतात. पुढें त्यांस परत बोलावण्यांत आलें; ११९८ त मराकेश येथें ते वारले.

जो वाद एका काजीनें आठशें वर्षांपूर्वीं खुला नोंदविला, तो कधींच नव्हता असें म्हणून कोणी निःशस्त्राचा गळा कापील, तर त्यास धर्माज्ञेची ढाल मिळतां कामा नये. आणि आपल्या शेजारच्या मुसलमानावर सर्वांत कठोर अर्थ लादणाऱ्यांसही आम्ही हेंच सांगूं कीं, आधीं दप्तर वाचा, मग आरोप ठेवा.