धर्मानंद कोसंबींचे ‘निवेदन’

धर्मानंद कोसंबी 1876 साली गोव्यातल्या सांखवळला जन्मले. शिक्षण जेमतेम, नारळाच्या बागायतीत मन रमत नव्हते. मुलांच्या एका मराठी मासिकात बुद्धाचे चरित्र वाचले आणि त्याचा ध्यासच लागला. 1899 च्या अखेरीस पत्नी बाळाबाई व तान्ही मुलगी यांना मागे ठेवून ते निघाले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ करीत सिलोनला पोहोचले, पाली शिकले, भिक्षू झाले.

काही वर्षांनी संसारात परतले. गणिती दामोदर कोसंबी हे त्यांचे चिरंजीव, जन्म 1907 चा. कलकत्ता विद्यापीठातली नोकरी सोडून त्यांनी सयाजीराव महाराजांचे दरमहा 50 रुपये पत्करले. अट एवढीच, महाराष्ट्रात राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहावे. आम्हा बडोदेकरांना याचे अप्रूप वाटणारच! पुढे हार्वर्डला ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथाच्या संपादनाचे काम केले.

‘निवेदन’ (1924) या आत्मकथनात हे सारे ते साधेपणाने सांगतात, मनाची घालमेलही लपवत नाहीत. आम्हाला मात्र पानोपानी बाळाबाईंची आठवण येते. नवऱ्याला बुद्ध सापडला, पण तोवर लेकरू त्यांनी एकटीने वाढवले.

जून 1947 मध्ये सेवाग्रामला, अन्नत्याग करून, कोसंबींनी देह ठेवला.